पाप, माणुसकी आणि ‘माउली’ : हात आवरणारे शब्द

प्रश्न

आमच्या सदाशिव पेठेतल्या छोट्या वाचक मंडळात पुढच्या बैठकीसाठी ‘हिंसेला आळा कोण घालतो : धर्म की मानवतावाद?’ हा विषय ठरला असून तो फलकावर लिहिताना माझा खडू अडला. ‘धर्म’ हा शब्द आपण शेजारधर्म, राजधर्म, दानधर्म असा सर्रास वापरतो आणि अर्जाच्या रकान्यातही भरतो. ‘मानवतावाद’ मात्र मी घरात कुणाच्या तोंडून एकदाही ऐकलेला नाही, तिथे ‘माणुसकी’ असते. मग विषयात ‘माणुसकी’ लिहिले तर प्रश्न तोच राहतो का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

माझ्या मते प्रश्न बदलतो. ‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूपासून आला आहे आणि प्रजेचे धारण करतो तो धर्म, अशी त्याची फोड महाभारताच्या कर्णपर्वात केलेली आहे. या अर्थाने माणुसकी हाही एक धर्मच ठरतो, कारण शेजारधर्म पाळणाऱ्याला त्याचा देव कोणता हे कुणी विचारत नाही. रकान्यातला धर्म हे मात्र एका समूहाचे नाव आहे आणि आपल्या मंडळाला तोच अभिप्रेत असावा.

तरीही मला व्युत्पत्तीपेक्षा या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे अधिक बोलकी वाटतात. पाप ‘लागते’. ऊन लागते, दृष्ट लागते, डाग लागतो, तसेच हे लागणे आहे. जे लागते ते करणाऱ्याच्या अंगाला लागते. लहानपणी आमच्या वाड्यात मोरीच्या कडेला बसलेल्या बेडकावर मी दगड उगारला होता, तेव्हा सुपात तांदूळ निवडत बसलेली आजी मान वर न करता एवढेच म्हणाली, “पाप लागेल हो.” दगड तत्काळ खाली पडला. पण त्यानंतर मी बेडकाकडे पाहिले नाही. मी माझा तळहात उलटसुलट करून पाहिला, काही लागले आहे का म्हणून. बेडकाला इजा होईल, हा विचार त्या वाक्यात नव्हता आणि माझ्याही मनात आला नाही.

‘माणुसकी’चे तसे नाही. ती दुसऱ्याकडे पाहायला लावते, ‘माणुसकी म्हणून घोटभर पाणी तरी विचारा’ असे आपण म्हणतो. परंतु हिंसेच्या संदर्भात हा शब्द केव्हा उच्चारला जातो, ते पाहावे. ‘माणुसकी उरली नाही’, ‘माणुसकीला काळिमा फासणारी घटना’ ही सारी वाक्ये घडून गेलेल्या गोष्टीबद्दलची आहेत. उगारलेला हात ‘माणुसकी जाईल’ या धाकाने थांबल्याचे मी तरी ऐकलेले नाही. म्हणजे निदान मराठीच्या वापरात पाप आधी येते आणि माणुसकी पंचनाम्याच्या वेळी. ‘मानवतावाद’ तर त्याहून उशिरा, परिसंवादात.

आणखी एक प्रतिसाद

वरील निरीक्षण मार्मिक आहे, पण त्यातून ‘धर्माचा आवर अधिक बळकट’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. पाप आधी येते हे खरे, मात्र ते येताना स्वतःची पळवाटही बरोबर आणते. आपल्या पुण्यातलेच उदाहरण घ्या. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याच्या आख्यायिकेतून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपल्याला मिळाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना सुनावले म्हणून जे प्रसिद्ध आहे, ते ‘देहान्त प्रायश्चित्त’. शास्त्रीबोवांच्या निःस्पृहतेविषयी शंकाच नाही, तथापि शब्द ‘शिक्षा’ नसून ‘प्रायश्चित्त’ आहे, म्हणजे त्याचा रोख पातकी कसा शुद्ध होईल इकडे आहे. मारला गेला त्याच्याकडे हा शब्द पाहतच नाही.

(जाता जाता : ‘माणूस’ला ‘की’ लावली की माणुसकी होते आणि ‘भाऊबंद’ला तीच ‘की’ लावली की भांडण होते. प्रत्ययाचा यात काही दोष नाही.)

तुकोबांनी दयेची व्याख्याच करून ठेवली आहे : ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दळण कंटकांचें’. पहिला चरण सर्वांना पाठ असतो, अडचण दुसऱ्या चरणात आहे, कारण कंटक कोण हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती येतो त्याची तलवारही मग दयेच्या खात्यावर चढते. मानवतेचे नाव घेणारे यातून सुटलेले नाहीत. 1793 मध्ये पॅरिसच्या नोत्र दाममध्ये विवेकदेवतेचा उत्सव झाला, तेव्हा त्याच शहरात गिलोटीन चालू होते आणि ‘मानवजातीचा शत्रू’ ही संज्ञा त्याच वर्षी क्रांतिकारकांच्या संसदेत वापरली गेली होती. ‘कंटक’ आणि ‘मानवजातीचा शत्रू’ हे मला एकाच शब्दाचे दोन अनुवाद वाटतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पण मग फलकावर लिहू तरी काय? आधीही येईल आणि दुसऱ्याकडेही पाहील, असा एखादा शब्द आपल्याकडे आहे की नाही?

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

ताई, एक शब्द सुचतो, तो विषयात बसेल की नाही ते आपण पाहावे. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. यंदा तिथे एका वारकऱ्याचा टाळ माझ्या कोपरावर चांगलाच बसला. मी चिडून वळलो, काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, “माउली, लागलं का?” यातले ‘लागणे’ आजीच्या ‘लागणे’सारखे नव्हते, कारण ते मला लागले होते आणि चौकशी माझी होत होती. माझ्याही तोंडून आपसूक “नाही माउली, चला” असे निघाले. ज्ञानोबांचे हे संबोधन वारीत वाटेल त्याला लावतात, पोलिसालाही आणि चहावाल्यालाही. ते धर्मातले म्हणावे की माणुसकीतले, हे मला सांगता येत नाही.

पालख्या पुढे गेल्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्याच भागात एका दुचाकीचा आरसा रिक्षाला घासला. त्या वेळी कानावर पडलेली संबोधने या चर्चेत लिहिण्याजोगी नाहीत.