कुमिहिमो शिकतेय, दोरी मधेच ढिली पडतेय. सोलापुरात कुणी करतं का?

रंगीत_दोरा, सोलापूर

नमस्कार मंडळी, मुलीची परीक्षा संपली म्हणून दोघींनी मिळून काहीतरी हाताचं शिकायचं ठरवलं आणि व्हिडिओ बघत बघत या जपानी दोरी विणण्याच्या नादाला लागलो. फोमची गोल चकती मागवली, कडेला 32 खाचा, मधे भोक, आणि सोबत 8 प्लॅस्टिकच्या बाबिनी. आठ दोऱ्यांची गोल दोरी, कोंगो म्हणतात ती करतोय. वरचा उजवा दोरा खाली उजवीकडे, खालचा डावा वर डावीकडे, चकती पाव फिरवायची, परत तेच. पहिली चार बोटं इतकी सुंदर झाली की मी सगळ्यांना फोटो पाठवले. मग वाटलं अजून घट्ट यायला हवी, म्हणून खालून मागच्या दाराचं मोठं कुलूप लटकवलं, तर तिथून पुढे दोरी अशी सैल झालीय की मधून बोटाचं नख जातंय. शिवाय दूध उतू जातंय म्हणून उठले, परत येऊन बसले, तर तिथे एक गाठीसारखा उंचवटा आलाय आणि रंगांची वळणं उलटी फिरलीत. सासूबाई म्हणतात गड्ड्याच्या जत्रेत दहा रुपयाला मिळतं ते आठवडाभर काय करताय. दोरा म्हणून घरात पडलेली क्रोशाची लोकर घेतलीय. ही चकती म्हणजे खेळणं आहे का, खरं लाकडी स्टँडच घ्यायला हवं का? कुठे चुकतंय सांगा प्लीज.

पुणेकर_हातकाम

ताई आधी कुलूप काढा 😄 सगळ्यांना वाटतं वजन जास्त तेवढी दोरी घट्ट, पण होतं बरोबर उलटं. खालून जोरात ओढलं की विणलेला भाग पटपट खाली सरकतो, प्रत्येक टाका लांबट पडतो, दोरी मऊ आणि सैल होते. वजन कमी तर टाके आखूड, दोरी कडक. लाकडी स्टँडवर, म्हणजे मारुदाईवर, हा हिशोबच असतो. दोरे गुंडाळलेल्या वजनदार गिट्ट्या, त्यांना तामा म्हणतात, त्या 70 ग्रॅमच्या 8 धरल्या तर झाले 560, आणि मधे लटकवायचं वजन त्याच्या निम्म्याच्या आसपास, 250-280 ग्रॅम. चकतीवर दोरे खाचेतच अडकून राहतात त्यामुळे एवढंही लागत नाही, दोरीच्या टोकाला चिमटा लावून त्यात चारपाच नट ओवा, बास. नजर ठेवायची ती भोकाच्या मध्यावर, दोरे जिथे एकत्र येतात तो बिंदू मधोमध राहिला पाहिजे.

उंचवट्याचं कारण दूध. उठायचंच असेल तर एकच दोरा खाली आणून, खालच्या बाजूला तीन दोरे झालेत अशा अवस्थेत सोडून जा. परत आल्यावर तीन कुठे आहेत बघितलं की पुढची चाल आपोआप कळते. दोन-दोनच्या जोड्या ठेवून उठलात की कुठली बाजू झाली, चकती कुठे फिरत होती, काही आठवत नाही.

लूमवाल्याचा_नातू

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात आजोबांपासून चादरीचे लूम होते. ताई लोकर सोडा बगा, लोकर ताणली की लांबते आन सोडली की आखडते, त्यात वीण कशी समान येणार. चांगलं पीळ दिलेलं जाड सुती नाहीतर साटनची दोरी घ्या. लूमवरचं उरलेलं सूत सोलापुरात किलोवर मिळतंय पण एकेरी घेऊ नका, त्याचे बारीक तंतू सुटतात, तीनचार पदर एकत्र करून एका बाबिनीवर भरा. पाऊण मीटरचे आठ दोरे कापा, मनगटापुरती दोरी होईल, कारण विणताना जवळजवळ तिप्पट लांबी खाते. माझ्या आजीला हे दाखवलं तर म्हणाली यात जपानी काय हाय, हा तर गोफ!

कोल्हापुरी_कडदोरा

आजी बरोबर बोलल्या की ओ. शाळेत गोकुळाष्टमीला गोफ विणलाय का कुणी? वरून रंगीत दोर सोडलेले, प्रत्येकाच्या हातात एक, नाचत नाचत एकाने आतून जायचं दुसऱ्याने बाहेरून, वर वेणी तयार होते. एक पोरगं चुकलं की वरचा गोफ बिघडतो आणि सोडवायचा तर सगळ्यांनी तेच उलट्या पावलांनी नाचायचं. कुमिहिमोत पण दोरे ओढून चूक निघत नाही, चाली उलट्या क्रमाने करत मागे यावं लागतं. ताई तुमचा उंचवटा तसाच सोडवा, कात्री घेऊ नका.

पुणेकर_हातकाम

कुमी म्हणजे गुंफणं, हिमो म्हणजे दोरी, त्यामुळे शब्दसुद्धा गोफच झाला. तिकडे सामुराईंच्या चिलखताच्या पट्ट्या याच दोऱ्यांनी बांधायचे, तलवारीच्या म्यानालाही हीच. 1876 ला तलवार बाळगायला बंदी आली तेव्हा या कारागिरांचं मोठं गिऱ्हाईक गेलं, मग किमोनोच्या पट्ट्यावरून बांधायच्या दोरीवर, ओबिजिमेवर भर आला. क्योतो आणि इगा अजूनही यासाठी प्रसिद्ध आहेत. आणि चकती खेळणं नाही, पण तिच्या खाचा झिजतात, दोरा घसरायला लागला की बदला. मारुदाईची घाई नको, आधी दोनतीन दोऱ्या सरळ येऊ द्या.

रंगीत_दोरा

कुलूप परत दाराला लावलं 🙈 उंचवटा उलट्या चालीने सोडवायला पाऊण तास गेला, मधे मुलीने दोनदा "आई तू परत पुढेच चाललीयेस" म्हणून हात धरला. लोकर बाजूला, साटनची दोरी आणलीय, खाली पाच नट. आज सकाळी वीतभर झाली, नख शिरत नाही. कुकरच्या शिट्टीला उठले तेव्हा तीन दोरे खाली ठेवून उठले. आता टोकं कापताना सुटू नयेत म्हणून काय करता? नुसती गाठ जाड दिसतेय.

कोल्हापुरी_कडदोरा

कापायच्या आधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बारीक शिवणाच्या दोऱ्याने घट्ट दहाबारा वेढे, त्यावर फेव्हिकॉलचा थेंब, वाळलं की मधून कापा. आणि सासूबाईंना पहिली दोरी चष्म्याला लावून द्या.