मदत हवी आहे: पाच सोसायट्यांचा एकत्र स्वयंपुनर्विकास, निर्णय कुणी घ्यायचे?

नमस्कार मंडळी,

मुंबई उपनगरातल्या एका जुन्या म्हाडा वसाहतीत राहतो. शेजारशेजारच्या पाच सोसायट्यांनी बिल्डर न आणता एकत्र स्वयंपुनर्विकास करायचं तत्त्वतः ठरवलंय. एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण), आर्किटेक्ट, कर्ज यांवर तासन् तास चर्चा होते. कुठला निर्णय कुणी घ्यायचा, हा विषय मात्र कुणी काढत नाही आणि मला घोर त्याचाच लागलाय.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली सरकारने २०१९ मध्ये काढलेल्या पुनर्विकासाच्या निर्देशांत गणपूर्ती, ५१ टक्के संमती वगैरे आहे, पण ते काम सुरू होण्याआधीचं. पुढचं काय? समजा, पायलिंग करताना (पायाचे खोल खांब घालताना) कातळ अंदाजापेक्षा तीन मीटर खोल लागला. कंत्राटदार जादा खर्चाचं पत्र देणार, खोदाईची रिग साइटवर नुसती उभी, सगळ्यांच्या पर्यायी घरांचं भाडं चालू. अशा वेळी पाच नोटिसा काढून पाच सर्वसाधारण सभा घ्यायच्या? आणि पाच अध्यक्षांनीच सह्या करून टाकल्या, तर उद्या सभासद जाब विचारणारच, आणि तो विचारायलाच हवा.

आमच्यासारखेच कोकण रेल्वेतही वाटेकरी पाचच होते: रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बांधायची जबाबदारी मात्र १९९० साली स्थापन झालेल्या एकाच महामंडळाकडे. मला हे पटतं. पण वेगळी संस्था काढली की झालं, असंही नाही. लंडनच्या क्रॉसरेल या रेल्वे प्रकल्पालाही स्वतंत्र कंपनी होती. तरी डिसेंबर २०१८ मध्ये उघडायच्या मधल्या मार्गाचं उद्घाटन लांबणार, हे जाहीर झालं त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या शेवटी. गाडी धावली मे २०२२ मध्ये. वाईट बातमी वेळेत वरपर्यंत पोचायला हवी, आणि आमच्याकडे ती सांगणार कोण? कंत्राटदाराची बिलं तपासणार पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार), प्रगतीचा अहवाल देणारही पीएमसीच. म्हणून पीएमसीच्या हाताखाली नसलेला एक अनुभवी इंजिनिअर नेमावा आणि त्याचा अहवाल थेट सभासदांना व बँकेला जावा, असा माझा आग्रह आहे. ‘उगाच खर्च’ म्हणून बरेच जण विरोधात आहेत.

जाणकारांनी कृपया सांगावं: त्याच अधिनियमाच्या कलम १७ खाली आधी सोसायट्यांचं एकत्रीकरण करावं, की करारनाम्यावर संयुक्त समिती चालते? समितीत प्रत्येक सोसायटीला एक मत द्यावं, की घरांच्या संख्येनुसार? आमच्यात एकीकडे ६४ घरं आहेत, दुसरीकडे फक्त १६. लहान सोसायटीची भीती मला रास्त वाटते, म्हणून चटईक्षेत्र, कर्ज आणि नकाशातला बदल सोडून बाकीचं समितीकडे द्यावं, असं मनात आहे. जादा खर्चाला मंजुरी द्यायची मर्यादा तुम्ही किती ठेवली होती? आणि काम अर्ध्यावर असताना एखादी सोसायटी अडून बसली, तर करारातलं कुठलं कलम खरंच उपयोगी पडलं?

कुणाकडे प्रत्यक्ष वापरलेल्या संयुक्त कराराचा मसुदा असेल, तर नावं खोडून इथे टाकाल का? येत्या संयुक्त बैठकीत तो सगळ्यांसमोर ठेवायचा आहे.