समुद्रकाठच्या घरी ‘कुत्रं चालेल’ म्हणजे नेमकं काय चालेल?

दांडियाबाजार : होळीच्या सुट्टीत दापोलीकडे जायचं म्हणून एका कॉटेजवाल्यांना फोन केला. कुत्रं चालेल म्हणाले, त्याचे वेगळे पैसेही सांगितले. पैसे भरल्यावर अटी निघाल्या. खोलीत नको, ओसरीवर नको, रात्री मागच्या पडवीत बांधा. आमची लॅब्रडॉर म्हातारी आहे, परक्या जागी बांधली तर रात्रभर रडेल. बडोद्याहून कुत्रं घेऊन निघणं सोपं नसतं हो. रेल्वेत सोबत ठेवायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे नाहीतर केबिन घ्या, ते परवडत नसेल तर गार्डच्या डब्यात तिला एकटीला टाका. म्हणून गाडी काढायची आणि तिथे पोचून हे ऐकायचं? घेणार असाल तर नीट घ्या, नाहीतर फोनवरच नाही म्हणा.

रावपुरा_आंजर्ले : ताई, पैसे घेतल्यावर अटी सांगणं चूकच. पण अटी चूक नाहीत. माझी मावशी आंजर्ल्यात दोन खोल्या पाहुण्यांना देते. ते तिचं राहतं घर आहे. ओसरीवर पानं वाढली जातात, पलीकडे गोठा. गाय नुकती व्यालेली असली की परकं कुत्रं दिसताच दावं ओढायला लागते. पुढचा पाहुणा दम्याचा निघाला आणि गादीवर केस सापडले, तर बोलणी मावशीलाच बसतात. शिवाय तुम्ही ऐन शिमग्यात जाताय. पालखी दारात येते तेव्हा ढोल अगदी अंगणात वाजतात. तुमच्या लॅबला ते सोसेल का?

कमाटीबाग : तुम्ही खोलीचं बोलताय, मला किनाऱ्याची काळजी आहे. त्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वर रेती लोटते आणि परत जाते. पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात, आणि तोवर राखणीला आई नसते. कुत्र्याला वास लागला की पुढच्या पायांनी रेती उपसून घरटं रिकामं करतं. तिकडच्याच वेळास गावात २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकऱ्यांनी अंडी कुंपणाच्या आत हलवून वाचवली, ती माणसांपासून आणि कुत्र्या-कोल्ह्यांपासूनच. मार्च पिल्लं निघण्याचा. तेव्हा किनाऱ्यावर कुत्रं नकोच, पट्ट्यासकट नको.

दांडियाबाजार : कासवांचं मनापासून पटलं. पण पट्ट्यासकट नको हे अति होतंय. घरटी उकरतात ती मोकाट कुत्री. घरटी कोरड्या रेतीत असतात, मी तिला आखूड पट्ट्याने ओल्या रेतीवरून नेणार. त्यात काय बिघडतं?

कमाटीबाग : पिल्लं त्याच ओल्या रेतीवरून समुद्राकडे सरपटतात, आणि उन्हाच्या आत, म्हणजे तुमच्या फिरायच्याच वेळी. सगळीच घरटी काही कुंपणात आलेली नसतात. तळहातात मावेल एवढं पिल्लू, त्यावर लॅबचा एक पाय पडला तरी संपलं.

मांजलपूर : मुळात नेताय कशाला? म्हातारं कुत्रं, मार्चचं ऊन, एवढा प्रवास. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि दमट हवेत तेही धड होत नाही. वर खारं पाणी प्यायली की उलट्या-जुलाब. ओळखीच्या कुणाकडे ठेवा.

दांडियाबाजार : हे मी ऐकणार नाही. लॅबला पाणी म्हणजे जीव की प्राण. दुपारी सावलीत ठेवेन, प्यायचं पाणी बरोबर नेईन. घरातल्या सगळ्यांना समुद्र आणि तिला पिंजरा, हे आमच्याच्याने व्हायचं नाही. तारीख मात्र बदलते. कासवांसाठी आणि ढोलांसाठीही. दिवाळीला जाऊ.

रावपुरा_आंजर्ले : मग मावशीकडेच या. आत्ताच विचारलं. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लशींची वही दाखवायची, कुत्रीचे चादर-टॉवेल तुमचे, ओसरीच्या टोकाला तिची जागा. माजघरात आणि गोठ्याकडे अजिबात नाही.

दांडियाबाजार : माजघर, गोठा मंजूर. पण रात्री ती माझ्या खोलीतच झोपणार. तेवढं मावशींना पुन्हा विचारा, आणि नाही म्हणाल्या तर तसं आजच कळवा.