रि: रि: ७५० पणत्या, हॉलवाले तेल नको म्हणतात

सांस्कृतिक समिती:
नमस्कार मंडळी, हॉलची मेल आली. आत उघडी ज्योत चालणार नाही, एकही. २५ ऑक्टोबरला आम्स्टरडॅमच्या ७५० व्या वाढदिवसाची रांगोळी पणत्यांनी उजळायचं ठरलंय, पणत्या आल्यात, काकूंच्या वाती वळून झाल्यात. आत बॅटरीचे दिवे की बाहेर ओसरीत तेलाचे? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

वातींच्या काकू:
बॅटरीच्या दिव्याला मी दिवाळी म्हणणार नाही. गणपतीत समई चालली होती ना? तेव्हा ज्यांनी परवानगी काढली त्यांनाच पुन्हा बोलायला सांगा.

माजी अध्यक्ष:
परवानगी मीच काढली होती, पण काकू, तो हॉल वेगळा होता. आणि आम्स्टरडॅमला आगीचा धाक उगाच नाही. १४२१ ला आग लागली, १४५२ ला पुन्हा, आणि त्या वेळी गावाचा तीन चतुर्थांश भाग जळाला. १५२१ ला लाकडी घरांवर बंदी आली. जुन्या गावात लाकडी दर्शनी भाग असलेली दोनच घरं उरलीत: एक बेखाइनहोफमध्ये, दुसरं झेडाइक रस्त्याच्या तोंडाशी. नातवंडांना मुद्दाम दाखवून आणा. ज्याचा वाढदिवस, त्याचा नियम पाळूया.

नोर्डचे दादा:
दिव्यांचं नंतर. हॉल आम्स्टेलवेनला आहे. नगरपालिका वेगळी, महापौर वेगळा. आम्स्टरडॅमचा वाढदिवस तिकडे का? आम्स्टरडॅमच्याच नोर्ड भागात जागा मिळते, हे मी दर बैठकीत सांगतो.

आम्स्टेलवेनच्या ताई:
दादा, निम्मं मंडळ इथे राहतं, स्वयंपाकही इथेच होतो. आणि वाढदिवस कशाचा ते बघा. २७ ऑक्टोबर १२७५ ला काउंट पाचव्या फ्लोरिसने आम्स्टेल नदीच्या बांधापाशी राहणाऱ्यांना हॉलंडमध्ये जकात माफ केली, त्या कागदाचा. नगराचे हक्क पुढे १३०० च्या सुमारास मिळाले. म्हणजे आपण साजरी करतोय ती नदीकाठी बस्तान बसवलेल्या माणसांची नोंद. नदी आमच्याही दारावरून जाते. मला हा दिवस फार जवळचा वाटतो, नगरपालिकेची हद्द मध्ये आणू नका.

वेंगुर्ल्याचे काका:
फलकावर आमची वखार हवीच. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. फोटो मी देतो, मजकूरही मीच लिहीन.

युवा गट:
काका, फोटो जरूर द्या. पण डच ईस्ट इंडिया कंपनीचं नुसतं कौतुक नको. त्याच व्यापारात माणसंही विकली गेली. गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल आम्स्टरडॅमच्या महापौरांनी १ जुलै २०२१ ला शहराच्या वतीने माफी मागितली, ती ओळ फलकावर आलीच पाहिजे.

वेंगुर्ल्याचे काका:
येऊ दे. माझी हरकत नाही. फोटो मात्र मोठा लावा.

खजिनदार:
बॅटरीच्या ७५० दिव्यांना पैसे नाहीत, फराळावर खर्च झालाय. माझं मत: आत फुलांची रांगोळी, पणत्या ओसरीत काचेच्या बरण्यांमध्ये, तेही हॉलवाल्यांनी लेखी हो म्हटलं तरच. वाऱ्याचा अंदाज गुरुवारी बघू. बरण्या धुऊन, लेबलं काढून आणा. आवरायला थांबणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याच रात्री घड्याळं एक तास मागे जातात; रात्रीची बस आधी तपासून घ्या.