मॅक्रो (अगदी जवळून काढलेल्या) फोटोत आडव्या कडा दुहेरी येतात, कॅमेऱ्यातल्या आरशाचा हादरा असेल का? (कास)

नमस्कार मंडळी,
मी साताऱ्याचा. फुलांच्या दिवसांत दर रविवारी पहाटे कासला जातो. कॅमेरा कॅनन ७०डी, जुना विकत घेतलेला. लेन्स १०० एमएमची मॅक्रो. सीतेच्या आसवांचं फूल नखाएवढं. ते सगळं फोकसमध्ये यावं म्हणून लेन्सचं छिद्र बारीक, एफ/१६ ठेवतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि ढगाळ उजेड, त्यामुळे शटर १/८ सेकंदापर्यंत खाली येतो. ट्रायपॉड कातळावर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंद, दोन सेकंदांचा टायमर लावलेला. तरी फोटो हललेला.

आधी वाऱ्याला दोष दिला. पण वाऱ्याने फक्त फूल हललं असतं. इथे शेजारच्या खडकाचीही कड दुहेरी आहे. म्हणून घरी एक रुपयाचं नाणं ठेवून पाहिलं. १/२५० ला स्वच्छ, २ सेकंदांनाही स्वच्छ, १/८ आणि १/१५ ला मात्र दुहेरी. तेही फक्त आडव्या कडा. कॅमेरा उभा धरला की उभ्या कडा दुहेरी होतात.

एवढ्यावरून फोटो काढताना वर उचलल्या जाणाऱ्या आरशावर संशय येतो. पण टायमर असताना आरशाचा हादरा राहतोच कसा? आणि मिरर लॉकअप (आरसा आधीच वर अडकवून ठेवणं) बरं की लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं)? पठारावर वाटेच्या कडेवरूनच काम करायचं असतं, आत पाय टाकायचा नाही. त्यामुळे ट्रायपॉड हवा तसा पसरता येत नाही, मधला दांडा थोडा वर काढावाच लागतो. मोसम थोड्या दिवसांचा असतो, म्हणून घाई.

प्रतिसाद:
निदान अगदी बरोबर आहे. नुसत्या टायमरने तुमच्या बोटाचा धक्का जातो, आरशाचा नाही. दोन सेकंद संपल्यावरच आरसा वर आपटतो आणि लगेच शटर उघडतो. १/२५० ला हादरा पोचायच्या आत काम होतं, २ सेकंदांत तो सुरुवातीलाच विरतो. मधल्या वेगांत सापडतो.
मेन्यूत मिरर लॉकअप चालू करा आणि तोच टायमर ठेवा. मग बटण दाबताच आरसा वर जाईल आणि दोन सेकंद थांबून शटर उघडेल. लाइव्ह व्ह्यूत आरसा आधीच वर असतो. त्यातलं सायलेंट शूटिंग लावलंत तर शटरच्या पहिल्या पडद्याचा धक्काही टळतो. मॅक्रोला मी तेच वापरतो, फोकसही स्क्रीनवर दहापट मोठा करून बघता येतो. बॅटरी भराभर उतरते, जोडीला दुसरी ठेवा. आणि तो मधला दांडा खालीच ठेवा हो, सगळा हादरा तिथेच वाढतो. उंची कमी पडली तर ट्रायपॉड बाजूला ठेवून ज्वारी भरलेल्या पिशवीवर कॅमेरा टेकवा.

धागाकर्ता:
मनापासून आभार! आत्ताच नाण्यावर करून पाहिलं. १/८ ला लॉकअपने कड जवळजवळ एकेरी, लाइव्ह व्ह्यूत पूर्ण एकेरी. ज्वारीची पिशवी आई शिवून देतेय. रविवारी वारा पडलेला असला तर सीतेच्या आसवांचा फोटो इथेच टाकतो.