आधी शिक्षक, मग इमारत

कोकणाला मुंबई विद्यापीठापासून वेगळं, स्वतंत्र विद्यापीठ मिळालं की इथल्या कॉलेज शिक्षणाचा प्रश्न सुटेल, असं बरेच जण म्हणतात. मला नाही तसं वाटत. राज्याच्या 2016च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावाच लागतो. नवं कॉलेज, नवा अभ्यासक्रम कुठे हवा ते त्यात ठरतं. खरा जोर तिथे लावायला हवा.

माझी भाची प्राणिशास्त्र शिकली. पहाटे सहाची एसटी, डब्यात घावणे. शिकवायला तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणारे सर, तेही दिवाळीनंतर आले. तोवर पोरांनी बंदरावरून आणलेले बांगडे स्वतःच चिरून पाहिले! शिकायची एवढी ओढ असलेल्या मुलांना कायमस्वरूपी प्राध्यापक आणि धड प्रयोगशाळा आधी द्या. रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहेच, त्यालाच बळ द्या ना.