गाडीचा एसी वीस मिनिटांनी गरम हवा फेकतो, गॅस दोनदा भरून झाला (मदत हवी आहे)

गाडी दहा वर्षांची, पेट्रोल, साधा नॉब फिरवायचा एसी. चालू केला की पहिली पंधरा-वीस मिनिटं झकास गार. मग एकाएकी हवा कोमट होते. पंख्याचा जोर तसाच राहतो, फक्त गारवा जातो. अर्धा तास गाडी बंद ठेवली की स्वारी पुन्हा शहाण्यासारखी गार हवा देते.

दोनदा गॅरेजला नेऊन आणली. दोन्ही वेळा "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस भरून मिळाला. दुसऱ्यांदा गॅसचा दाब मोजायचं गेज लावलेलं मी पाहिलं: लो साइडला (कॉम्प्रेसरकडे परतणारी नळी) ३५ आणि हाय साइडला (कॉम्प्रेसरमधून निघणारी) २१० पीएसआय. केबिन फिल्टर नवा आहे, रिले बदलून पाहिला. आता म्हणतात कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. पण गेलेला कॉम्प्रेसर सकाळी वीस मिनिटं गार हवा कशी देतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पानापक्कड:
तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे. गेज कधी लावलं होतं, एसी गार देत असताना की बंद पडल्यावर?

धागाकर्ती:
गार देत असताना. गाडी तिथे तासभर उभी होती.

पानापक्कड:
मग त्या आकड्यांवरून इतकंच कळतं की गार असताना सगळं ठीक चालतं. ३५ आणि २१० हे आर-१३४ए ला (तुमच्या एसीतला गॅस) उन्हाळ्यात शोभणारेच आकडे आहेत, त्यात गॅस का ओतला हे ओतणाऱ्यालाच ठाऊक. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. लक्षात येण्याइतका कमी झाला तर कुठून तरी गळतोय, आणि गळतो तिथे त्याच्याबरोबरचं तेल झिरपून धूळ चिकटलेला काळपट डाग दिसतो. शिवाय कमी गॅसवाला एसी पहिल्या मिनिटापासूनच रडतो, वीस मिनिटं थांबत नाही.

बर्फाळ:
इव्हॅपोरेटरवर (डॅशबोर्डमागची हवा गार करणारी जाळी) बर्फ धरत असेल. माझ्याकडे हेच झालं होतं, थर्मोस्टॅट बदलला आणि सुटलो.

पानापक्कड:
बर्फ धरला की जाळी चोंदते आणि आधी हवेचा जोर पडतो. इथे जोर तसाच आहे असं ताईंनी लिहिलंय. सिग्नलला गरम आणि रस्त्यावर वेग घेतला की गार, असं असतं तर कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) पंखा म्हटलं असतं. तेही नाही ना?

धागाकर्ती:
नाही, वेगात असतानाही गरमच. पंखा फिरताना दिसतो.

पानापक्कड:
माझा संशय क्लचवर आहे. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पुली असते, ती पट्ट्यावर कायम फिरते. तिच्यापुढे एक प्लेट. एसी लावला की कॉइलचं चुंबक त्या प्लेटला "टक्" करून पुलीला चिकटवतं, तेव्हा कुठे कॉम्प्रेसर फिरतो. वर्षानुवर्षं घासून मधली फट वाढते. त्यात कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो, ८० अंश तापमान चढलं तर साधारण ३० टक्क्यांनी. त्यामुळे प्रवाह घटतो, चुंबक लुळं पडतं आणि वाढलेली फट त्याला ओढवत नाही. थंड झालं की परत ओढतं. तुमची वीस मिनिटं आणि अर्धा तास यात चपखल बसतात.

खात्री अशी करा: हवा गरम झाली की इंजिन आणि एसी चालूच ठेवून बॉनेट उघडा. पुली फिरतेय आणि पुढची प्लेट स्थिर असेल, तर क्लचच्या वायरवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या वर येत असूनही प्लेट उभी असेल तर दोष क्लचचाच. व्होल्टेजच नसेल तर प्रेशर स्विच (गॅसचा दाब भलता झाला की क्लचची वीज तोडणारा) नाहीतर वायरिंग. ओढणी, बाह्या, केस सांभाळा, पट्टा कुणाची गय करत नाही.

(अवांतर: नव्या बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्रेसरला हा क्लच नसतोच, तिथे ही तपासणी चालत नाही.)

बर्फाळ:
पण दोनदा गॅस ओतलाय, म्हणजे जास्त झाला असेल. दाब वाढून प्रेशर स्विच वीज तोडत असेल तर?

पानापक्कड:
रास्त शंका. पण तो स्विच दाब उतरला की पुन्हा जोडतो, त्यामुळे एसी चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. सलग अर्धा तास रुसत नाही. असो, मीटर सांगेलच.

धागाकर्ती:
पाहिलं. वायरवर १३.६ व्होल्ट आणि प्लेट ढिम्म! फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फट मोजली तर ०.९५ मिमी. माझ्या गाडीच्या पुस्तकात ०.३५ ते ०.६५ लिहिलंय.

पानापक्कड:
सापडलं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, प्लेटचा मधला बोल्ट सोडवा, प्लेट बाहेर येईल. आत दांड्यावर पातळ चकत्या असतात, शिम. एक काढून प्लेट बसवा आणि फट तीन-चार ठिकाणी मोजा. सगळ्याच चकत्या काढू नका, फट फार कमी झाली तर एसी बंद असतानाही प्लेट पुलीला घासत राहील. प्लेट जळून निळी पडली असेल किंवा पुलीचं बेअरिंग घरघरत असेल तर मात्र क्लचचा संचच बदला. गॅसच्या नळ्यांना हात लावायची गरज नाही.

धागाकर्ती:
एक चकती काढली, फट ०.५० वर आली. प्लेट निळी नव्हती. काल भर दुपारी दीड तास गाडी चालवली, शेवटी मुलीने पाय गारठले म्हणून कुरकुर केली. :) मनापासून आभार.

आता तो जास्तीचा गॅस तसाच राहू दे का?

पानापक्कड:
नको. हाय साइडचा दाब उगाच चढेल. सगळा गॅस मशीनने काढून घ्यायला सांगा, व्हॅक्यूम करा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर असेल तेवढाच वजन करून भरून घ्या. अंदाजपंचे नको, काट्यावर.

धागाकर्ती:
आज दुसरीकडे करून घेतलं. स्टिकरवर ४३० ग्रॅम, मशीनने काढला ५२०.